एक चाल किती सेकंदांची? सॉलिटेअरच्या गुणांचे गणित

सॉलिटेअरचा डाव सुटला की फोनच्या पडद्यावर तीन आकडे येतात. वेळ, चाली आणि गुण. पहिले दोन कुणालाही समजतात. तिसरा कुठून आला हे मात्र वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांनाही सांगता येत नाही, आणि वाद होतो तो नेमका त्याच्यावरूनच.

आमच्याकडे, म्हणजे बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागात, हा वाद मी बऱ्याच घरांत ऐकला आहे. फोनची भाषा कन्नड असो, मराठी असो नाहीतर इंग्रजी, सॉलिटेअरला वाचावे लागत नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर ओळखता आले की झाले. त्यामुळे हा खेळ आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हातात पोचला आहे. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या कॅरम-बुद्धिबळाच्या जोडीला मोबाईलवरचा सॉलिटेअरही ठेवू या, असे कुणीतरी सुचवते, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो. पहिला नंबर कुणाला द्यायचा? लवकर संपवणाऱ्याला की कमी चालींत संपवणाऱ्याला?

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. उद्यमबागेत कामाला जाणारा पुतण्या आणि त्याची काकू अगदी एकच डाव आपापल्या फोनवर खेळतात. पुतण्या तो ३ मिनिटांत सोडवतो, पण त्याच्या चाली होतात १६०. काकूंना ६ मिनिटे लागतात, चाली मात्र ११५.

"ओ काकू, निम्म्या वेळात संपवलो की मी!"

"नुसती बोटं नाचवलास. चाली मोज की आधी."

दोघांचेही बरोबर आहे. एकाने वेग दाखवला, दुसरीने काटकसर. प्रश्न इतकाच की या दोन गोष्टी एकाच आकड्यात बसवायच्या कशा.

त्याआधी खेळाची मांडणी. सॉलिटेअर म्हणजे एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव. त्याचे प्रकार पुष्कळ, पण नुसते सॉलिटेअर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो क्लोंडाइक. ५२ पानांपैकी २८ खाली सात रांगांत लागतात आणि त्यांतली २१ पालथी असतात. उरलेली २४ गड्डीत. वर चार रिकामी घरे, प्रत्येक रंगाला एक. एक्क्यापासून राजापर्यंत सगळी पाने त्या घरांत चढवायची. गड्डीतून एकेक पान उघडायचे की तीन-तीन, हे आधीच ठरवायचे असते. तीन-तीनचा खेळ बराच अवघड.

यात कमीत कमी किती चाली लागतील? एकेक पान उघडण्याच्या प्रकारात हिशेब सरळ आहे. ५२ पाने वर गेलीच पाहिजेत, म्हणून ५२ चाली. गड्डीतली २४ पाने एकदा तरी उघडलीच पाहिजेत, म्हणून आणखी २४. गड्डी उघडणेही चालीत धरले तर ७६ च्या खाली कुणीच जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात इतका सरळ डाव लागणे जवळजवळ अशक्य. पाने एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हलवावी लागतातच, आणि आकडा शंभरीच्या पुढे सहज जातो. काकूंचे ११५ किती चांगले हे त्यावरून कळावे.

आता गुण. सगळ्यांत जास्त लोकांनी खेळलेली गुणपद्धत म्हणजे विंडोजवरच्या जुन्या सॉलिटेअरची. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर हा खेळ आला. तो वेस चेरी नावाच्या तरुणाने मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न असताना लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रे सुझन केअर यांनी काढली होती. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा माऊसवर हात बसला तो याच खेळात. त्याची नेहमीची पद्धत अशी: पान वरच्या घरात गेले की १० गुण. गड्डीतले पान खालच्या रांगेत लावले की ५. पालथे पान उलटले की ५. वर गेलेले पान परत खाली आणले तर १५ वजा. एकेक पान उघडत असताना गड्डी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली की दर वेळी १०० वजा. घड्याळ लावून खेळत असाल तर दर १० सेकंदांना २ वजा.

इथपर्यंत पद्धत शहाणी वाटते. परत खाली आणलेले पान आणि पुन्हा फिरवलेली गड्डी म्हणजे फुकट गेलेले श्रम, त्याला दंड आहे. वेळेलाही बेताचा दंड आहे. एकही चूक न करता सगळे गुण मिळवले तर बेरीज किती होते? ५२ पानांचे ५२०, उलटलेल्या २१ पानांचे १०५, आणि गड्डीतली सगळी २४ पाने आधी खालच्या रांगेत लावली तर १२०. एकूण ७४५.

पण डाव संपला की वर बोनस मिळतो: ७ लाख भागिले लागलेले सेकंद. (३० सेकंदांच्या आत संपला तर बोनस नाही, पण तिथवर फारसे कुणी पोचत नाही.) सगळे गणित बदलते ते या एका ओळीमुळे. पुतण्याला १८० सेकंद लागले, त्याचा बोनस सुमारे ३,८८८. काकूंना ३६०, त्यांचा सुमारे १,९४४. खेळ कितीही नेटका केला तरी त्याचे गुण ७४५ च्या वर जात नाहीत, आणि इथे नुसत्या वेळेने जवळजवळ दोन हजारांचा फरक पाडला. चाली किती केल्या हे बोनस विचारतच नाही.

भागाकाराचा आणखी एक परिणाम आहे, आणि मला तो सगळ्यांत जास्त खटकतो. १०० सेकंदांत डाव संपवणाऱ्याला ७,००० बोनस. त्याने पुढच्या वेळी ९० सेकंदांत संपवला तर सुमारे ७,७७७. म्हणजे १० सेकंद वाचवले आणि पूर्ण डावाच्या गुणांहून जास्त कमाई झाली. तेच एखादी आजी १० मिनिटांवरून ९ मिनिटे ५० सेकंदांवर आली तर तिला जेमतेम वीस गुण. दोघांनीही दहाच सेकंद वाचवले, मग एकाचे सेकंद सोन्याचे आणि दुसरीचे मातीचे का? उलट म्हातारपणी, बोटे आखडलेली असताना, लहान पडद्यावर अचूक टेकवून दहा सेकंद वाचवणे कदाचित जास्त कष्टाचे असते. भागाकाराची पद्धत वेगवान माणसाला आणखी वेगाकडे ओढते आणि सावकाश खेळणाऱ्याला सांगते की तुझ्या सुधारण्याला इथे मोल नाही.

याच्या अगदी उलट टोक विंडोजवरच्याच स्पायडर सॉलिटेअरमध्ये आहे. तिथे सुरुवातीलाच ५०० गुण हातात असतात. प्रत्येक चालीला १ वजा, आणि राजापासून एक्क्यापर्यंत एका रंगाची पूर्ण माळ लागली की १०० जमा. अशा आठ माळा. गुणांत घड्याळ कुठेच नाही. दुपारी डाव मांडून अर्धा सोडला, स्वयंपाक केला, रात्री संपवला, तरी एक गुणही कमी होत नाही. काकूंना हा खेळ आवडेल हे सांगायला नको. पण स्पर्धेला तो तसाच्या तसा चालणार नाही. एखादा माणूस एका चालीवर पाऊण तास बसला तर पंचांनी काय करायचे?

तिसरी पद्धत व्हेगास. डाव विकत घेतल्यासारखा सुरुवातीला ५२ वजा, आणि वर गेलेल्या प्रत्येक पानाला ५ जमा. दहा पाने चढली तर २ चा तोटा, अकरा चढली तर ३ चा नफा, पूर्ण डाव सुटला तर २०८. यात वेळही नाही आणि चालीही नाहीत. फक्त किती पाने चढली एवढेच. अर्धवट राहिलेल्या डावांची तुलना करायला ही पद्धत चांगली, म्हणून ती लक्षात ठेवू.

निपाणीकडच्या घरांतून विड्या वळणाऱ्या बायकांना वेग आणि काटकसर यांचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हात झपाझप चालला पाहिजे. पण पाने मापून मिळालेली असतात, आणि नीट न वळलेली विडी छाटात, म्हणजे नापास मालात, जाते. घाईची किंमत आणि नासाडीची किंमत दोन्ही त्या एकाच मजुरीतून जातात, आणि कशाला किती जाते हा दर त्या बाईला पाठ असतो. सॉलिटेअरच्या गुणांतही असा दर असतोच. फक्त तो सूत्राच्या पोटात दडलेला असतो, आणि खेळणाऱ्याला कुणी सांगत नाही.

तो बाहेर काढू या. दर म्हणजे एक जास्तीची चाल किती सेकंदांच्या बरोबरीची धरायची. हे ठरले की बाकी सगळी साधी बेरीज: लागलेले सेकंद, अधिक चाली गुणिले दर. ज्याची बेरीज कमी तो पुढे.

दर ३ धरला तर पुतण्याचे १८० अधिक ४८०, एकूण ६६०. काकूंचे ३६० अधिक ३४५, एकूण ७०५. पुतण्या जिंकला. दर ५ धरला तर पुतण्या ९८०, काकू ९३५. काकू जिंकल्या. आणि दर ४ धरला तर पुतण्याचे १८० अधिक ६४०, म्हणजे ८२०. काकूंचे ३६० अधिक ४६०, म्हणजे तेही ८२०. तंतोतंत बरोबरी. ही जादू नाही. काकूंनी १८० सेकंद जास्त घेतले आणि ४५ चाली वाचवल्या. म्हणजे एकेका चालीमागे त्यांनी ४ सेकंद विचाराला दिले. दर त्याहून जास्त असेल तर त्यांचा विचार फळाला येतो, कमी असेल तर वाया जातो. घरातला सगळा वाद या एका आकड्यापाशी येऊन थांबतो.

मग दर किती ठेवावा? शून्य ठेवला तर नुसती शर्यत होते. तरी शून्यातही चालींना थोडी किंमत मिळतेच, हे लक्षात घेतले पाहिजे, कारण प्रत्येक चाल करायला हाताला वेळ लागतो. पुतण्याने १८० सेकंदांत १६० चाली केल्या, म्हणजे एका चालीला सरासरी सेकंदापेक्षा थोडे जास्त. त्याने जितक्या फुकट चाली केल्या तितका वेळही गमावलाच. म्हणून "वेगाच्या स्पर्धेत डोके लागत नाही" हे खरे नाही. पण हाताला लागणारा तो सेकंद-सव्वासेकंद हीच जर चालीची पूर्ण किंमत असेल, तर थांबून विचार करणे कधीच परवडत नाही. दोन सेकंद विचार करून एक चाल वाचवण्यापेक्षा ती चाल करून टाकणे स्वस्त. माणूस मग पाने बघत नाही, नुसता टिचक्या मारत सुटतो. काटकसरीला खरेच मान द्यायचा असेल तर दर त्या हाताच्या वेळेच्या बराच वर हवा, आणि साधारण बऱ्या खेळाडूला एक चाल वाचवायला जितका विचार करावा लागतो त्याच्या आसपास हवा. गल्लीतल्या स्पर्धेसाठी मी स्वतः ४ किंवा ५ धरीन. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की तो डाव सुरू होण्याआधी जाहीर झाला पाहिजे. दर माहीत असला की खेळणारा स्वतः ठरवू शकतो, इथे थांबू की पुढे जाऊ.

अनेकांना यापेक्षा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे "वेळेला ५० टक्के, चालींना ५० टक्के". दिसायला याहून समतोल काही नाही. करून बघा. ज्याचा वेळ सगळ्यांत कमी त्याला वेळेचे १००, बाकीच्यांना त्या प्रमाणात, चालींचेही तसेच. पुतण्याला वेळेचे १००, चालींचे ७२. काकूंना चालींचे १००, पण वेळेचे ५०. सरासरी काढली तर पुतण्या ८६, काकू ७५. निम्मे-निम्मे म्हणता म्हणता वेळ जिंकली. कारण असे की वेळेचा पसारा मोठा असतो. एकाच डावाला कुणाला २ मिनिटे लागतात तर कुणाला १२. चालींचे तसे नसते. ७६ चा तळ ठरलेला आहे आणि डाव सोडवणाऱ्या दोघांत दीडपटीहून जास्त फरक क्वचितच पडतो. ज्या आकड्याचा पसारा मोठा, तोच निकाल ठरवतो, मग कागदावर टक्के काहीही लिहा. शाळेच्या गुणपत्रिकेपासून नोकरीच्या निवडीपर्यंत हीच गोष्ट घडते, म्हणून ती समजून घेण्यासारखी आहे. सॉलिटेअरमध्ये त्यावर एक उपाय म्हणजे क्रमांक लावणे: वेळेत कितवा, चालींत कितवा, आणि दोन क्रमांकांची बेरीज. पसाऱ्याचा प्रश्न मिटतो, पण तुमचा निकाल बाकीचे कोण खेळायला आले यावर अवलंबून राहतो. मला थेट दर जास्त प्रामाणिक वाटतो.

रुबिक क्यूबवाल्यांनी हा तिढा वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत लवकरात लवकर सोडवण्याचा प्रकार वेगळा, आणि कमीत कमी चालींचा प्रकार वेगळा. दुसऱ्यात कागद-पेन्सिल घेऊन बसायला एक तास मिळतो. दोन्हींचे विक्रम स्वतंत्र. मंडळाकडे वेळ आणि बक्षिसे असतील तर सगळ्यांत निर्मळ तोडगा हाच.

दर कोणताही ठेवा, त्याआधीची अट मात्र सुटता कामा नये. सगळ्यांना डाव एकच हवा. ५२ पाने पिसण्याचे प्रकार इतके की तो आकडा लिहायला ६८ अंक लागतात. दोघांना नशिबाने सारखा डाव येणे विसरा. आणि डावाडावांत फरक प्रचंड असतो. सगळी पालथी पाने आधीच दिसत असती तरी तीन-तीन पानांच्या क्लोंडाइकचे सुमारे ८२ टक्केच डाव सुटू शकतात, हे संगणकावर तपासलेले आहे. उरलेले कुणाच्या बापाला सुटत नाहीत. प्रत्यक्षात पाने पालथी असल्याने सुटण्यासारखे डावही आपल्याकडून अडकतात. वेगळ्या डावांवरून दोन माणसांची तुलना करणे म्हणजे निम्मी तुलना पत्त्यांचीच. ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत सगळ्या टेबलांवर तीच पाने वाटून नशीब बाजूला काढतात, त्यामागचा विचार हाच. फ्रीसेल या सॉलिटेअरच्या आणखी एका प्रकाराच्या जुन्या विंडोज आवृत्तीत १ ते ३२,००० असे डावांना क्रमांक होते, आणि क्रमांक टाकला की तोच डाव कुणालाही मिळायचा. त्यांतला ११९८२ हा एकच डाव सुटत नाही, हेही लोकांनी शोधून काढले ते या क्रमांकांमुळेच. आजच्या बऱ्याच ॲपमध्ये "आजचा डाव" असतो. स्पर्धेला तोच घ्यावा.

सरासरी दाखवणाऱ्या ॲपबद्दल थोडे. तिथे बहुतेक वेळा फक्त जिंकलेल्या डावांची सरासरी धरतात. मग एखादा खेळाडू अवघड डाव दिसताच सोडून देतो, सोपे तेवढे खेळतो आणि त्याची सरासरी देखणी होते. चिकाटीने अवघड डाव सोडवणाऱ्याची सरासरी मात्र बिघडते. कुणाची सरासरी बघायची असेल तर सोडलेले डाव किती तेही शेजारी बघावे.

"मागे घ्या" या बटणाचे काय? काही ॲपमध्ये चाल मागे घेतली की चालींचा आकडाही मागे येतो. असे असेल तर काकूंचे ११५ कुणालाही मिळवता येतील: प्रत्येक वाट चालून बघायची, नाही जमली की मागे फिरायचे, शेवटी पडद्यावर फक्त सरळ वाट उरते. पालथे पान एकदा बघून झाले की ते पालथे राहत नाही. म्हणून मागे घेणेही एक चाल धरणारे ॲप निवडावे, नाहीतर ते बटण वापरायचे नाही असे आधी सांगावे. तसेच सगळी पाने सुलटी झाल्यावर ॲप स्वतःच उरलेला डाव संपवते. त्या चाली काही ठिकाणी मोजल्या जातात, काही ठिकाणी नाही. पाने उडत वर जाताना घड्याळ चालू असते की थांबते, तेही वेगवेगळे. सगळ्यांनी एकच ॲप, एकच सेटिंग वापरले की हा सगळा गुंता नाहीसा होतो.

डाव पूर्ण न झालेल्यांसाठी व्हेगासची पद्धत कामाला येते. ठरलेली वेळ, समजा १० मिनिटे, संपली की वर चढलेली पाने मोजायची आणि त्यावर क्रम लावायचा. पूर्ण करणारे सगळे त्यांच्या वर. वेळेला अशी कमाल मर्यादा असली की काकूंसारखा निवांत खेळणाराही स्पर्धेत राहतो आणि पंचांचाही खोळंबा होत नाही.

शेवटचा मुद्दा बरोबरीचा, आणि खानापूर तालुक्यातले स्पर्धक असतील तर त्याकडे नीट लक्ष द्यावे. घड्याळ फोनमध्ये चालते की ॲपच्या सर्व्हरवर, पान वाटल्यापासून चालते की पहिल्या चालीपासून, जुन्या फोनचा पडदा बोट टेकल्यावर किती उशिरा हलतो, या सगळ्यांनी वेळेत दोन-पाच सेकंद इकडेतिकडे होतात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात नेटवर्क डळमळले तर त्याहूनही जास्त. पण १२० वी चाल नव्या फोनवरही १२० वीच असते आणि जुन्यावरही. म्हणून दोघांची बेरीज सारखी आली, किंवा फरक दहाच्या आत असला, तर ज्याच्या चाली कमी त्याला वर ठेवावे. दर ४ असेल तर वरच्या डावात नंबर काकूंचा.